कंबरदुखी आणि खुब्याचे दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या प्रसंगी दुखण्याखुपण्याचा विषय काढावा, हे काहीजणींना रुचणार नाही. परंतु चिटणीसबाईंनी व्याख्यानासाठी विषय सुचविण्याच्या चिठ्ठ्या सभासदांकडून मागविल्या, तेव्हा सर्वांत अधिक चिठ्ठ्यांवर 'कंबर' हाच शब्द निघाला. कुणी लिहिले होते, 'कंबर भरून येते'. कुणी लिहिले होते, 'खुबा धरतो'. एका चिठ्ठीवर तर एवढेच होते : 'बसले की उठवत नाही, उठले की बसवत नाही.' खाली सही नाही. ज्या बाईंनी ती लिहिली त्या येथे असतील, तर त्यांना सांगते की आमच्या व्यवसायातल्या जाड जाड पुस्तकांनीही हे दुखणे याहून नेमके वर्णिलेले नाही.

हे दुखणे काही आपल्या पेठेपुरते नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक आढळते. इतके सार्वत्रिक असूनही त्याबद्दलचे गैरसमज मात्र घरोघर आहेत, आणि माझ्या मते कित्येक बायकांना दुखण्यापेक्षा त्या समजुतींनीच अधिक जखडून ठेवलेले आहे. म्हणून आज औषधांपेक्षा त्यांविषयीच जास्त बोलणार आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. वाकून बादली उचलली आणि पाठीत उसण भरली, हे एक दुखणे. ते फार तीव्र असते, पण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप ओसरते. जुन्या काळी उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेत, आणि उसण जाई. पायाळू नसता मिळाला तरीही ती गेलीच असती. पण श्रेय त्याला मिळे. आजही पुष्कळ गोळ्या, मलमे आणि मालिशवाले या पायाळूचेच काम करीत असतात. असो. दुसरे दुखणे ते, जे तीन महिने उलटले तरी हटत नाही. त्याला जुनाट म्हणतात. त्याचे नियम निराळे आहेत, आणि उसणीचे उपाय त्याला लावले तर ते बरे होण्याऐवजी घट्ट होते.

आता नेमके कुठे दुखते ते पाहू. आपण सगळ्याजणी 'कंबर दुखते' असे म्हणतो आणि हात मात्र निरनिराळ्या जागी ठेवतो. दवाखान्यात आलेल्या बाईंना मी पहिल्याने हेच सांगते की, एका बोटाने जागा दाखवा.

बोट जर पाठीच्या खालच्या भागात, निऱ्या खोचतो त्या रेषेच्या आसपास मागे गेले, तर ती खरी कंबर. तेथे पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. त्यांखाली माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड आणि दोन्ही बाजूंना कटीची हाडे. या सगळ्यांना बांधणारे स्नायू आणि बंध आहेत. यांपैकी कोणते एक ठिकाण दुखते आहे, हे शंभरांतल्या नव्वद जणांच्या बाबतीत कोणत्याही तपासणीने ठामपणे सांगता येत नाही. ऐकून निराशा वाटेल, पण याचा दुसरा अर्थ असा की त्या नव्वद जणांत मोडलेले, सडलेले, किंवा कापून काढावे असे काही नसते. कंबरेतून निघून मांडीमागून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत कळ जात असेल, मुंग्या येत असतील, तर तिला आपल्याकडे रांघण म्हणतात, वैद्य गृध्रसी म्हणतात आणि डॉक्टर सायटिका म्हणतात. ती बहुधा गादीचा फुगलेला भाग नसेला लागल्यामुळे होते.

बोट जर कुशीला, मांडीच्या वरच्या टोकाशी बाहेरच्या बाजूस जे हाड हाताला लागते त्यावर गेले, आणि त्या कुशीवर निजणे अशक्य होत असेल, तर ते दुखणे कंबरेचे नव्हे. नितंबाचे स्नायू ज्या दोरांनी त्या हाडाला बांधलेले असतात, ते दोर तेथे दुखावलेले असतात. चाळिशीपुढच्या बायकांत हे फार आढळते आणि फार वेळा 'सायटिका' म्हणून त्यावर भलतेच उपचार होतात. एका पायावर भार टाकून कंबर बाजूला काढून उभे राहणे, एका मांडीवर दुसरी टाकून बसणे, नातवाला सदोदित एकाच कडेवर घेणे, यांनी ते वाढते. नातवाला घेऊ नका असे मी कशी सांगेन! पण कड बदला, आणि रात्री दुखऱ्या कुशीवर न निजता दोन्ही गुडघ्यांमध्ये एक जाडसर उशी ठेवून निजा. २०१८ साली ऑस्ट्रेलियात अशा २०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत बहुसंख्य बायका होत्या. काहींना खुब्यात सुई दिली, काहींना असे उठण्याबसण्याचे वळण आणि व्यायाम शिकवले, तर काहींना फक्त थोडी माहिती देऊन वाट पाहण्यास सांगितले. आठ आठवड्यांनी सुई घेतलेल्यांपेक्षा व्यायाम शिकलेल्यांत बरे वाटणाऱ्यांची संख्या अधिक होती.

आणि बोट जर पुढे, जांघेत गेले, तर तो खरा खुब्याचा सांधा. हा झिजू लागला की मांडी घालून बसता येत नाही, पायाची नखे काढता येत नाहीत, जोडवी घालताना दुसऱ्याला हाक मारावी लागते. कधी कधी याची कळ गुडघ्यात उतरते, आणि बिचाऱ्या निरपराध गुडघ्याला वर्षभर तेल चोळले जाते. या सांध्यालाही व्यायाम मानवतो. काठी वापरायची झाल्यास ती दुखऱ्या बाजूच्या हातात न धरता विरुद्ध हातात धरावी. त्यायोगे सांध्यावरचा भार हलका होतो. सांधा फारच झिजला तर तो बदलता येतो. इंग्लंडात जॉन चार्नली यांनी १९६२ साली ही शस्त्रक्रिया आजच्या रूपाला आणली, आणि शस्त्रक्रियाशास्त्रात जी थोडी खात्रीची कामे आहेत त्यांत तिची गणना होते. म्हणून खुब्याची शस्त्रक्रिया आणि मणक्याची शस्त्रक्रिया यांना एकाच तागडीत घालू नये.

आता 'गॅप'विषयी. आपल्याकडे दहा बायकांत निदान तिघी 'माझ्या मणक्यात गॅप आहे' असे सांगतात, आणि सांगताना आवाज असा खाली जातो की जणू मधून मणकाच निघून गेला आहे. वस्तुतः फोटोत दिसते ते असे की, वयाबरोबर गादीतले पाणी कमी होऊन ती थोडी चपटी झाली आहे. डोक्यावरचे केस पांढरे होतात, तशी आतली गादी सुकते. १९९४ साली अमेरिकेत, कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढून पाहिले. त्यांतल्या ६४ टक्के लोकांच्या गाद्यांत काही ना काही दोष निघाला! पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. त्यात पन्नाशीच्या धडधाकट, न दुखणाऱ्या माणसांपैकी ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६० टक्के लोकांच्या फुगलेल्या आढळल्या. तेव्हा अहवालातले 'झीज', 'फुगवटा' हे शब्द वाचून धसका घेऊ नये. निकामी झालेल्या पाठीचा तो दाखला नव्हे. आणि सरकलेली म्हणतात ती गादीही पुष्कळ वेळा काही महिन्यांत आपोआप आक्रसते. हॉलंडमध्ये रांघणीच्या २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली हे खरे, परंतु वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच बरे होते. न थांबता आलेल्या काहीजणांना मध्यंतरी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. तात्पर्य, घाई नसावी, आणि हट्टही नसावा.

मग फोटोत विशेष काही नाही, तरी वर्षानुवर्षे दुखते का? येथे घरच्या मंडळींना एक संशय येतो, आणि तो फार अन्यायाचा असतो : 'हिच्या मनाचेच खेळ आहेत.' भगिनींनो, दुखणे खरे असते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आपल्या मज्जातंतूंचेही तसेच होते. एकदा तीव्र कळ आली की पुढे कित्येक महिने ते साध्या वाकण्यालाही धोका समजून ओरडू लागतात. झोप अपुरी असेल, घरात काळजी असेल, मनात 'आता माझी पाठ गेली' अशी भीती असेल, तर ते अधिकच मोठ्याने ओरडतात. मग आपण हालचाल टाळतो. टाळल्याने स्नायू दुबळे होतात. दुबळे झाल्याने थोड्या कामानेही दुखते. आणि दुखले की आणखी टाळतो. आधी जमिनीवर बसणे सुटते, मग बाजार सुटतो, मग मंडळाच्या सभा सुटतात. मला या क्रमाचा फार राग येतो.

या चक्रात माणसाला ढकलणाऱ्या काही समजुती एकेक करून पाहू.

पहिली विश्रांतीची. 'महिनाभर पडून राहा' हा सल्ला डॉक्टरांनीही एके काळी दिला. फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे नव्याने कंबर धरलेल्या १८६ जणांचे तीन गट केले होते : एकाला दोन दिवस पडून राहण्यास सांगितले, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, आणि तिसऱ्याला जमेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. नव्या दुखण्याची ही कथा, मग जुनाट दुखण्यात पडून राहण्याने काय साधणार?

दुसरी फळीची. गादी काढून लाकडी फळीवर किंवा जमिनीवर निजणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. स्पेनमध्ये ३१३ जणांना निरनिराळ्या गाद्या देऊन पाहिले. २००३ साली आलेल्या निष्कर्षात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांची कंबर कमी दुखली. तेव्हा हे तप करण्याचे कारण नाही.

तिसरी समजूत पाठीतल्या सुईची. 'सिझरच्या वेळी पाठीत सुई टोचली, तेव्हापासून कंबर गेली,' हे वाक्य माझ्या कानी आठवड्यातून एकदा तरी पडते. सुईच्या जागी काही दिवस हुळहुळते, हे खरे. परंतु प्रसूतीच्या कळा कमी करण्यासाठी पाठीत सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केली असता, जुनाट कंबरदुखीच्या प्रमाणात फरक आढळलेला नाही. मग कंबर दुखते कशाने? नऊ महिने ताणलेले पोटाचे स्नायू, रात्रीची जागरणे, वाढत्या वजनाचे मूल दिवसभर उचलणे, आणि शस्त्रक्रियेनंतर कुणीही न शिकवलेला व्यायाम, एवढे पुरेसे आहे. सुईवर खापर फोडले की या गोष्टी तशाच राहून जातात.

चौथी समजूत सर्वांत घातक. 'अंगावरून पांढरे जाते म्हणून कंबर दुखते, पिशवी काढली की थांबेल.' बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केवढ्या प्रमाणात झाल्या, हे २०१९ साली उघडकीस आले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिशीच्या आसपासच्या बायका! मोळ्या वाहून वाहून दुखणारी कंबर पिशवी काढल्याने कशी थांबावी? उलट त्याच वेळी बीजकोशही काढले गेले तर ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे परिणाम सुरू होतात आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. गर्भाशयाचे काही विकार कंबरेत दुखवतात, नाही असे नाही; पण तसा विकार तपासणीत सिद्ध झाल्याखेरीज, आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याखेरीज, केवळ कंबरेसाठी कुणीही या शस्त्रक्रियेस होकार देऊ नये. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांनाही हे आवर्जून सांगा. त्यांच्यापर्यंत स्मरणिका पोचत नाही.

आता उपचार. २०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात दुखण्याची नीट समजूत करून देणे, व्यायाम, जाणत्या हाताचे मर्दन, आणि भीती व काळजी यांवर मानसोपचाराची मदत या गोष्टी सुचविलेल्या आहेत. कमरेचा पट्टा, वजने लावून दिलेली ओढ, विजेच्या आणि ध्वनिलहरींच्या यंत्रांचे उपचार यांची नेहमीच्या उपचारात शिफारस नाही. माझ्याच व्यवसायातल्या कित्येक ठिकाणी ही यंत्रे अजून लावतात. पंधरा दिवस निजून यंत्र लावून घेणे रुग्णालाही सोपे जाते. गरम पाण्याची पिशवी, घरचे तेल, यांना माझी ना नाही; त्याने बरे वाटते, आणि बरे वाटत असतानाच उठून चालावे. बिब्बा लावणे आणि डाग देणे मात्र मुळीच नको. पाठ दुखायची राहत नाही, वर कातडी भाजते.

चालण्यासारखे स्वस्त औषध नाही. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर एक प्रयोग झाला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना हळूहळू वाढवीत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत आणले. काम अडवणारे दुखणे पुन्हा उलटायला न चालणाऱ्यांना साधारण ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांना २०८. आरंभ पाच मिनिटांनी केला तरी चालेल.

घरी करण्याजोगे तीन व्यायाम सांगते. उताणे निजून गुडघे उभे करावेत, तळवे जमिनीवर टेकवावेत, आणि नितंब हळू वर उचलून पाच अंक मोजावेत. दुसरा, भक्कम खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठावे आणि हळू बसावे. धप्पकन बसू नये. तिसरा, बाळासारखे गुडघ्यांवर आणि तळहातांवर ओणवे होऊन पाठ मांजराप्रमाणे वर कमानदार करावी, मग खाली सोडावी. प्रत्येक आठ-दहा वेळा. करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखले तर संख्या निम्मी करावी, बंद करू नये. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. चार दिवस करून 'काही फरक नाही' म्हणणाऱ्यांनी लोणचे घातल्याच्या दुसऱ्या दिवशी बरणी उघडून पाहावी.

कामाच्या बाबतीत आपली एक खोड आहे. ज्या दिवशी कंबर बरी असते त्या दिवशी माळा काढतो, डबे घासतो, पडदे धुतो, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. दिवाळीपूर्वीचा आठवडा माझ्या दवाखान्यात याच हिशेबाने भरतो. याऐवजी घड्याळ लावून काम करावे. वीस मिनिटे ओट्याशी उभे राहिलात की दोन मिनिटे चालून या. चांगला दिवस असला तरी, आणि वाईट असला तरीही. ओट्याशी एक पाय लहान पाटावर ठेवून आलटून पालटून उभे राहिले तर पुष्कळजणींना बरे पडते. वाकणे, उचलणे कायमचे वर्ज्य नाही. हलक्या ओझ्यापासून पुन्हा शिकायचे आहे. आणि गहू-तांदळाची पोती उचलायला घरात दुसरे हात असतील तर त्यांनाही थोडा व्यायाम होऊ द्या. सुनेची कंबर दुखली की 'आमच्या वेळी', आणि सासूची दुखली की 'वय झाले', ही दोन्ही उत्तरे आपण मंडळाच्या सभासदांनी तरी सोडून द्यावीत.

गोळ्यांविषयी थोडक्यात. वेदनाशामक गोळी आठ-पंधरा दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे निराळे, आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणून वर्षभर घेणे निराळे. त्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात, रक्तदाब वाढतो. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुड्यांपासून दूर राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे, आणि स्टिरॉइडने खुब्याचा गोळा रक्तपुरवठा तुटून मरू शकतो.

आतापर्यंत मी 'घाबरू नका' म्हणत आले. पण कुठे थांबायचे नाही तेही सांगितले पाहिजे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, पायातली शक्ती जाऊ लागली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जावे. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे आणि पाठीत एकाच जागी रात्रंदिवस ठणका असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याला खोकला असावाच लागतो असे नाही. पूर्वी कर्करोग झालेला असेल तर नवे पाठदुखणे अंगावर काढू नये. पाळी गेलेल्या बाईला साध्या धक्क्याने किंवा बादली उचलताना पाठीत एकाएकी कळ आली तर ठिसूळ मणका दबलेला असू शकतो. तरुण मुलामुलींची कंबर सकाळी अर्धा तासाहून अधिक आखडत असेल आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळी होत असेल, तर तो संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. त्याला स्वतंत्र औषधे आहेत. आणि जिचे कटीभोवतीचे, मांड्यांचे हाडन् हाड दुखते, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, तिने रक्तातले 'ड' जीवनसत्त्व तपासून घ्यावे. आपण उन्हात जात नाही, गेलो तर छत्री घेतो.

(व्याख्यानानंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन येथे दिले आहेत.)

प्रश्न : जमिनीवर मांडी घालून बसणे कायमचे बंद करावे काय?

उत्तर : जांघेत दुखत असेल आणि सांधा झिजलेला असेल तर खुर्ची घ्यावी, पूजेलाही. केवळ कंबर दुखत असेल तर बंद करू नये. बुडाखाली उशी घेऊन पाच मिनिटांपासून सवय ठेवावी, आणि पाय मधूनमधून पसरावेत.

प्रश्न : माझे वय ५६, कंबर चार वर्षे दुखते. श्रावणात मंडळाच्या मंगळागौरीत खेळू का?

उत्तर : श्रावणाला किती महिने आहेत ते मोजा आणि आजपासून चालायला व वरचे तीन व्यायाम करायला लागा. आषाढ लागला की आठवड्यातून दोनदा येथे येऊन सावकाश खेळांचा सराव करा. साधी फुगडी, पिंगा चालेल. बसफुगडी गुडघे आणि खुबे काय म्हणतात ते पाहून. आणि रात्रभर जागून सगळे खेळ एकटीने खेळू नका. एक खेळ खेळावा, दोन खेळ गाणी म्हणावीत.